न बोललेल्या शब्दांचा वाडा

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांची ही कथा बहुधा जमीनदारी संस्कृतीच्या ऱ्हासाची कथा म्हणून वाचली जाते. ते वाचन चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे, असे मला वाटते. भिंती खचण्यापूर्वी या घरातला संवाद खचला आहे.

तात्याजींच्या निधनानंतर मुंबईचा सुधीर पत्नी अंजलीसह घरी येतो. घरात बोलणे पुष्कळ होते. पण ते तेराव्याच्या खर्चाचे, दागिन्यांचे आणि वाट्याचे. थोरला भास्कर हलाखी इतमामाआड झाकतो. शिक्षणाची इच्छा मारली गेलेली प्रभा कडवट झाली आहे. चंदू मुकाट राबतो. भास्करची मुलगी रंजू दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर पळून जाते, तेव्हा सारे हादरतात. मात्र तिच्या मनात काय आहे, हे त्यापूर्वी कोणीही विचारलेले नसते. दारातल्या गंजक्या ट्रॅक्टरसारखे प्रत्येकाचे दुःख सर्वांना दिसते, पण त्याला हात कोणी लावत नाही.

मोकळेपणाने बोलल्याने गेलेल्या जमिनी परत आल्या असत्या काय? अर्थातच नाही. दारिद्र्याची कारणे घराबाहेरची होती. परंतु त्या दारिद्र्यात एकमेकांना परके होणे अटळ नव्हते. रात्री वहिनी अंगावर दागिने चढवते, त्या प्रवेशात पती-पत्नींमधील आच क्षणभर उजळते, आणि या घरात माया आटलेली नव्हती, तिला वाचा नव्हती, हे ध्यानात येते. पुढील 'मग्न तळ्याकाठी'मध्ये भास्करचा पराग आणि सुधीरचा अभय एकमेकांशी मनातले बोलतात. वडीलधाऱ्यांना जे साधले नाही, ते पुढच्या पिढीला काही काळ तरी साधते.

महसूल खात्यातील नोकरीत मी अनेक घरांच्या वाटण्यांची प्रकरणे हाताळली. आमचा इंदूरचा पिढीजात वाडा विकला गेला, तेव्हा धाकट्या बंधूंशी माझा सारा व्यवहार वकिलामार्फत झाला. दस्तात एकही चूक नव्हती, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आपल्यापैकी अनेक जुन्या घरांत असे निर्दोष दस्त जपून ठेवलेले असतील.

गेल्या महिन्यात हे नाटक पुन्हा वाचले आणि बंधूंना चार ओळींचे पत्र टाकले. त्यात वाड्याचा उल्लेख केला नाही. केवळ प्रकृतीची चौकशी केली. उत्तराची वाट पाहतो आहे.