थोरला भाऊ आणि वाटा : श्वाइट्झर यांच्या लांबारेने-वृत्तान्ताचे एक वाचन

अल्बर्ट श्वाइट्झर (1875–1965) यांचा लांबारेने येथील वैद्यकीय सेवेचा पहिला वृत्तान्त 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या जर्मन शीर्षकाचा सरळ अर्थ 'पाणी आणि आदिम अरण्य यांच्यामध्ये' असा होतो. 1922 च्या इंग्रजी अनुवादाने त्याचे 'आदिम अरण्याच्या काठावर' असे रूपांतर केले. फरक लहान वाटला तरी अर्थपूर्ण आहे. जर्मन शीर्षकातला निवेदक दोन गोष्टींच्या मधोमध, अडचणीच्या जागी उभा आहे. इंग्रजीतला सीमेवर उभा राहून आत डोकावणारा आहे. पुढील काळात मिशनरी डॉक्टरच्या कथनाचा जो नमुना जगभर रूढ झाला तो मुख्यतः या दुसऱ्या शीर्षकावर पोसला गेला. मूळ संहितेत मात्र मधल्या जागेची अडचण पदोपदी जाणवते, आणि तिचे वाङ्मयीन मूल्यही तिथेच आहे.

संहितेची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. स्ट्रासबुर्ग येथील ईश्वरविद्येचे अध्यापक आणि बाखच्या संगीताचे अभ्यासक म्हणून नावलौकिक मिळालेल्या श्वाइट्झर यांनी 1904 च्या शरदात पॅरिस मिशनरी सोसायटीच्या मासिकातला एक लेख वाचला. गॅबनमधील कामासाठी माणसे हवीत, असे आवाहन त्यात होते. 1905 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांनी वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. त्यांच्या येशूविषयक संशोधनातील मते सोसायटीला मान्य होण्याजोगी नव्हती. अखेर आपण केवळ डॉक्टर म्हणून जाऊ आणि धर्मोपदेशाच्या बाबतीत तोंड मिटून राहू, असे आश्वासन त्यांनी दिले. स्थानिक मिशनऱ्यांनी पुढे हे बंधन सैल केले. तरीही वृत्तान्ताचा सूर घडवण्यात त्या आश्वासनाचा वाटा मोठा आहे, कारण इथे उपदेशाची जागा औषधाने घेतली आहे. धर्मांतराच्या कथा या पुस्तकाच्या केंद्रस्थानी नाहीत. केंद्रस्थानी जखमा, निद्रारोग, कुष्ठरोग, अडकलेले हर्निया आणि हिशेब आहेत.

हिशेब हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे. संहितेचा आरंभच एका देण्याच्या कल्पनेने होतो. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दाराशी पडलेला लाजर यांच्या दृष्टान्तात युरोप हा श्रीमंत आणि आफ्रिका हा लाजर, असा अन्वय श्वाइट्झर लावतात. शेवटच्या प्रकरणात तर युरोपीय लोक आफ्रिकेत जे चांगले करतात ते परोपकार नसून प्रायश्चित्त आहे, अशी भूमिका ते स्पष्टपणे घेतात. 1921 साली, वसाहतींच्या भरभराटीच्या काळात, एका मिशनशी संबंधित लेखकाने हे म्हणावे ही सामान्य गोष्ट नव्हती. ज्यांना श्वाइट्झर केवळ वसाहतवादाचे सौम्य रूप वाटतात त्यांना या पानांपाशी थांबावे लागते.

परंतु ग्रंथाच्या आरंभी आणि अखेरीस ऋणको असलेला युरोप मधल्या पानांत, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णालयाच्या आवारात, धनको होऊन बसतो. एप्रिल 1913 मध्ये श्वाइट्झर दांपत्य पोहोचले तेव्हा रुग्णालयाची इमारत नव्हती. कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात तपासणी सुरू झाली. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रुग्ण आले. औषधे युरोपातल्या देणग्यांतून येत, म्हणून ऐपतीप्रमाणे पैसे, केळी, कोंबड्या, अंडी आणावीत, असे रुग्णांना सांगितले जाई. त्यामागचे कारणही निवेदक देतो: फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. कारण व्यवहारापुरते रास्तच आहे, आणि देणगीच्या पैशावर चालणाऱ्या कोणत्याही दवाखान्याचा अनुभव त्याला दुजोरा देईल. मात्र ज्या हिशेबात आरंभी युरोपचे देणे मांडले होते त्यात आता अंड्यांची जमा मांडली जाते, आणि या दोन नोंदींचा परस्परांशी संबंध काय, हे निवेदक विचारत नाही.

तो प्रश्न संहितेत दुसराच कोणी विचारतो. अरण्याच्या आतल्या भागातून आलेल्या काही रुग्णांविषयी श्वाइट्झर सांगतात की, बरे होऊन घरी निघताना ते भेट देण्याऐवजी डॉक्टरकडेच भेट मागत. कारण डॉक्टर आता त्यांचा मित्र झाला होता. निवेदक हा प्रसंग गमतीचा म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. युरोपीय वाचकाने हसावे अशीच त्याची मांडणी आहे. वास्तविक संपूर्ण पुस्तकात याइतके गंभीर विधान क्वचितच सापडेल. उपचाराने नाते निर्माण झाले, नात्याने वाटा निर्माण झाला, आणि ज्याच्याकडे अधिक आहे त्याने तो द्यावा, असा हा युक्तिवाद आहे. लाजराच्या दृष्टान्ताचा इतका सरळ अर्थ खुद्द निवेदकालाही लावता आलेला नाही.

याच्याशी जोडून वाचावा असा दुसरा प्रसंग युद्धकाळातला. ऑगस्ट 1914 मध्ये श्वाइट्झर दांपत्य जर्मन प्रजाजन म्हणून फ्रेंच वसाहतीत स्थानबद्ध झाले. रुग्णालयाचे काम काही काळ थांबले. त्या भागातून युरोपात लढायला गेलेले दहा गोरे मारले गेल्याची वार्ता आली, तेव्हा एका वृद्ध पाहुइन माणसाने विचारले की, या जमाती एकत्र बसून बोलणी का करीत नाहीत, आणि इतक्या मेलेल्यांची भरपाई त्या करणार तरी कशी? त्याच्या समाजात लढाईत पडलेल्या माणसांची भरपाई दोन्ही बाजूंना द्यावी लागे, हे श्वाइट्झर लगेच स्पष्ट करतात. या वेळी निवेदक हसत नाही. ऋणाची भाषा आफ्रिकन माणसाच्या तोंडी आली आणि ती युरोपला लागू झाली, असा संहितेतला हा बहुधा एकमेव क्षण आहे.

आता 'थोरला भाऊ' या प्रसिद्ध सूत्राकडे वळता येईल. ते सातव्या प्रकरणात, अरण्यातल्या सामाजिक प्रश्नांच्या चर्चेत येते. गोऱ्यांनी काळ्यांशी कसे वागावे, या प्रश्नाला श्वाइट्झर उत्तर देतात की, मी तुझा भाऊ आहे हे खरे, पण थोरला भाऊ, असे नाते असावे. त्याच परिच्छेदात आफ्रिकन माणसाला लहान मुलाची उपमा दिलेली आहे आणि मुलांच्या बाबतीत अधिकाराशिवाय काही साधत नाही, असे म्हटले आहे. चिनुआ अचेबे यांनी फेब्रुवारी 1975 मध्ये ॲमहर्स्ट येथे दिलेल्या कॉनरॅडविषयीच्या व्याख्यानात या सूत्रावर कठोर प्रहार केला. त्यांच्या मते ही ती उदारमतवादी वृत्ती, जी नाते कबूल करते पण समतेचा अंतिम प्रश्न दरवेळी टाळते. अचेबे यांनी सूत्र उद्धृत करताना ते उलटे केले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. श्वाइट्झर स्वतःला थोरला म्हणतात. अचेबे यांच्या उल्लेखात आफ्रिकन माणूस 'धाकटा' होतो. तर्काने दोन्ही एकच असले तरी पहिल्यात वक्ता स्वतःचे स्थान सांगतो आणि दुसऱ्यात समोरच्याला त्याचे स्थान दाखवले जाते. दुखावणारा भाग ऐकणाऱ्याने उघड करून दाखवला, असे त्याचे वर्णन करता येईल.

अचेबे यांची टीका मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. त्याच पुस्तकात पाचव्या प्रकरणाच्या अखेरीस शस्त्रक्रियेचा प्रसंग आहे. अडकलेल्या हर्नियाच्या वेदनांनी तळमळणाऱ्या माणसाच्या कपाळावर हात ठेवून डॉक्टर त्याला धीर देतो. भूल उतरल्यावर दुखणे गेल्याचे कळताच रुग्णाचा हात चाचपडत डॉक्टरचा हात शोधतो आणि सोडत नाही. अंधाऱ्या खोलीत गोरे आणि काळे शेजारी शेजारी बसतात आणि सर्वजण एकमेकांचे भाऊ असल्याच्या ख्रिस्तवचनाचा (मत्तय, अध्याय 23) अनुभव येतो, असे निवेदक लिहितो. येथे थोरला कोणी नाही. दोन प्रकरणांनंतर तो उगवतो. म्हणजे एकाच ग्रंथात भाऊपणाच्या दोन संहिता आहेत: एक रुग्णशय्येशेजारची आणि एक प्रशासनाची. हातात हात असताना क्रम सुचत नाही; लाकूडतोडीच्या मजुरीचा आणि शिस्तीचा विषय निघाला की सुचतो. टीकाकारांनी बहुधा दुसरी संहिता वाचली, चरित्रकारांनी पहिली. दोन्ही एकाच लेखणीतून उतरल्या आहेत, ही अडचण दोघांनीही बाजूला ठेवली.

मराठीत श्वाइट्झर यांचे जीवन सुमती देवस्थळे यांच्या चरित्रग्रंथामुळे परिचित झाले. मराठी वाचकाला 'थोरला भाऊ' हे शब्द अचेबे यांना लागले तसे लागत नाहीत, याचे कारण भाषेत शोधले पाहिजे. वडील भावाचा मान, त्याने बापाच्या जागी असणे, हे सारे मराठी कुटुंबकथेने गृहीत धरलेले असते. 'दादा' या एका शब्दात माया आणि दंडेली दोन्ही मावतात. 'दादागिरी' त्यातूनच आली. तेव्हा मराठी वाचक सूत्र सहज स्वीकारण्याचा धोका आहे. पण तीच भाषा त्या सूत्राची खरी परीक्षाही घेऊ शकते. मिताक्षरा परंपरेत वडिलार्जित मिळकतीतला हक्क जन्मानेच येतो, आणि वाटणीच्या वेळी थोरल्याला व धाकट्याला समान हिस्सा मिळतो (मुलींना तो 2005 च्या कायदादुरुस्तीने मिळाला). 'भाऊबंद' आणि 'भाऊबंदकी' हे शब्द वाट्याशिवाय उभेच राहत नाहीत. थोरला भाऊ कर्ता असतो, मालक नसतो. त्याच्याकडे हिशेब मागता येतो. श्वाइट्झर यांच्या सूत्रातला थोरला भाऊ अधिकार घेतो, कष्टही अपार घेतो, पण मिळकत एकत्र असल्याचे कुठे कबूल करीत नाही. निघताना भेट मागणाऱ्या त्या रुग्णाने नेमकी तीच कबुली मागितली होती. अचेबे यांनी सूत्रातला 'थोरला' नाकारला; मराठी वाचनाला 'भाऊ' हा शब्दच अधिक काटेकोरपणे तपासता येतो.

भाषेचा आणखी एक मुद्दा जोसेफ अझोवानी यांच्या निमित्ताने येतो. पूर्वी स्वयंपाकी असलेले हे गलोआ गृहस्थ श्वाइट्झर यांचे पहिले दुभाषी आणि सहायक. शरीराचे अवयव ते स्वयंपाकघरातल्या फ्रेंच शब्दांनी सांगत: अमक्याची उजवी रान दुखते, तमकीला डाव्या बाजूच्या वरच्या चापेत कळ येते. (मराठीत हे शब्द खाटकाच्या दुकानातून सहज मिळतात.) निवेदकाने हा विनोद मोठ्या प्रेमाने रंगवला आहे. तथापि डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले प्रत्येक वाक्य याच शब्दांच्या पुलावरून गेले, हे लक्षात घेतले म्हणजे विनोदाचा रंग बदलतो. जोसेफ केवळ शब्द पोहोचवीत नव्हते. मरणाच्या दारात असलेला रुग्ण घेऊ नये, ओगांगा म्हणजे स्थानिक वैद्य असे रुग्ण घेत नाहीत, त्याने नाव जाते, असा व्यावसायिक सल्लाही ते देत. स्थानिक लोक श्वाइट्झर यांनाही ओगांगाच म्हणत. म्हणजे जोसेफ त्यांना सहव्यवसायिकाच्या नात्याने सावध करीत होते. युद्धामुळे युरोपातून पैसा बंद झाल्यावर त्यांचा पगार 70 फ्रँकांवरून 35 वर आणण्यात आला, तेव्हा एवढ्या रकमेत काम करणे आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे सांगून ते निघून गेले. वधूमूल्यासाठी साठवलेली शिल्लकही त्यांनी लवकरच उडवली, ही नोंद निवेदक जरा खोचकपणे करतो. प्रतिष्ठेचे कारण मात्र तो खोडत नाही. नुसते लिहून ठेवतो. 1924 मध्ये श्वाइट्झर परतल्यावर जोसेफही पुन्हा कामावर आले.

मराठीत या प्रसंगाविषयी लिहिताना एक निवड टाळता येत नाही. श्वाइट्झर 'म्हणतात' आणि जोसेफ 'म्हणतो', असे लिहिणे मराठी गद्याच्या सवयीला धरून होईल. अशा लिहिण्याने थोरला-धाकटा हा क्रम क्रियापदाच्या प्रत्ययातच ठरून जातो, आणि मग वसाहतवादाची चिकित्सा करणारा परिच्छेददेखील व्याकरणाने तोच क्रम पाळतो. तृतीयपुरुषी क्रियापदात असा भेद जर्मन वा इंग्रजी करीत नाही. तिथे तो विशेषणांतून आणि उपमांतून आणावा लागतो, म्हणून टीकाकाराला बोट ठेवायला जागा सापडते. मराठीत तो निःशब्दपणे येतो.

लांबारेनेच्या बाजूने बोलणारी कृती बऱ्याच उशिरा आली, आणि तीही पुस्तकाच्या रूपात नव्हे. कॅमेरूनचे दिग्दर्शक बासेक बा कोभियो यांच्या 'लांबारेनेचा मोठा गोरा' (1995) या चित्रपटात रुग्णालयाच्या छायेत वाढलेला एक मुलगा पुढे डॉक्टर होतो आणि गॅबनच्या स्वातंत्र्याच्या सुमारास, म्हणजे 1960 च्या आसपास, परत येऊन वृद्ध श्वाइट्झर यांना जाब विचारतो. आजारांवर इलाज केलास, पण विद्या का दिली नाहीस, असा त्याच्या तक्रारीचा रोख आहे. चित्रपटाची मांडणी काही ठिकाणी बाळबोध आहे आणि श्वाइट्झर यांच्या व्यक्तित्वातली गुंतागुंत तो पुरती पेलत नाही. पण त्याच्या केंद्रस्थानी असलेली मागणी जुनीच आहे. 1913–14 मध्ये ओगोवे नदीच्या काठावर, बरा होऊन निघालेल्या माणसाने डॉक्टरपुढे हात पसरला होता तो भिकेसाठी नव्हता. चित्रपटातला तरुण डॉक्टर त्याच जागी उभा आहे. फक्त तो आता कोंबडी किंवा कापड मागत नाही, रुग्णालयच मागतो.