जसंच्या तसं, म्हणजे कसं?

हेरिटेज हॉटेलांच्या वेबसाइटवर 'इतिहास' नावाचं एक पान असतं. खोली परवडत नसली तरी ते पान मी आवडीनं वाचते. साहित्याचा एक प्रकारच आहे तो. एक साहेब येतो, बंगला बांधतो, मधली शंभर-सव्वाशे वर्षं दोन वाक्यांत उरकतात आणि थेट आपल्यासाठी आरामखुर्ची मांडलेली असते. सगळं जसंच्या तसं!

माथेरानचं बार हाउस घ्या. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढला आणि पुढे त्यानं इथे घर बांधलं. त्याच्या मागोमाग बंगला बांधणाऱ्यांत कॅप्टन बार होता. या बंगल्यात नीमराणा समूहानं 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' हे हॉटेल चालवलं. नाव चपखल आहे. घराचा सगळा जीव त्या लांबलचक व्हरांड्यात आणि समोरच्या झाडीत. माथेरानच्या पावसात इतकं जुनं घर उभं ठेवायचं म्हणजे चेष्टा नाही, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. माझं भांडण घराशी नाही, अशा घरांच्या गोष्टीशी आहे.

कारण त्या गोष्टीत डोंगर रिकामा असतो. धुकं, माकडं आणि साहेब, बस्स. गंमत म्हणजे डॉक्टर जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ साली माथेरानवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच आधी माणसं येतात, मग झाडं, मग प्राणी. ठाकर, धनगर, कातकरी या डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर बंगल्यांच्या आधीपासून होते. आजच्या पानावर हा क्रम नेमका उलटा झालाय.

आणि 'जसंच्या तसं'चा खर्च? माथेरानला मोटारी चालत नाहीत, दस्तुरीलाच थांबतात. ही शांतता आपल्याला आवडते, मलाही आवडली. पण पुढे चालवत नसेल तर घोडा असायचा, नाहीतर हातरिक्षा. एक माणूस पुढे ओढायचा, बाकीचे मागून ढकलायचे, मध्ये आपण बसायचो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, माणसानं माणसाला ओढणं प्रतिष्ठेला धरून नाही म्हणून. साहेबाच्या काळातली एक गोष्ट खरोखरच जसंच्या तशी राहिली होती. तिचा फोटो मात्र त्या पानांवर मला कुठे दिसला नाही.

मी सोलापूरची, म्हणून कदाचित हे जास्त खुपतं. आमच्याकडेही त्याच राजवटीतलं एक थाटाचं घर आहे: अप्पासाहेब वारद यांनी बांधलेलं इंद्रभुवन. कमानी, खांब, हात राखून न केलेली नक्षी. १८७७ साली इथली पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि गाव सुतावर वाढलं, त्या भरभराटीतलं हे घर. त्याचं गेस्ट हाउस झालं नाही, महापालिका झाली. त्यामुळे तिथे येणारा पाहुणा नसतो, त्याचं काम असतं. लहानपणी वडिलांसोबत गेले तेव्हा मी छताकडे बघत होते आणि ते हातातल्या कागदांकडे. राजवाड्यासारख्या घरात विडी कामगार, यंत्रमागावरचा माणूस, भाजीवाली बुकिंगशिवाय शिरतात, हे मला तेव्हा अगदी साधं वाटलं होतं.

इंद्रभुवनाचं कौतुक करणारे लेख आता येतात, रील्सही येतात. त्यांतही नक्षी असते, दिव्यांची रोषणाई असते. ती नक्षी कोरणारे हात कुणाचे होते आणि घराचा पैसा ज्या सुतावर उभा राहिला ते सूत काढणारे कुठे राहत होते, यावर ओळही नसते. म्हणजे आमचा वाडा सगळ्यांना उघडा आहे, पण त्याची गोष्ट लिहिताना आम्हीही हॉटेलच्याच पानाची नक्कल करतोय.

माथेरानहून आल्यावर वडिलांना फोटो दाखवले. व्हरांडा त्यांनी झटकन पुढे सरकवला. म्हणाले, "तुझी बॅग कुणी नेली गं वर?"