सांधा दिसला तर बिघडलं कुठे?

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटसाठी साडीचं डिझाइन करणारा मुलगा दिवसभर फोटोंचीच कापाकापी करत असतो. एका फोटोतलं कमळ उचलायचं, दुसऱ्यातला मोर आणायचा, लेयरवर लेयर चढवायचे आणि ‘रिपीट’ असा बसवायचा की अख्ख्या साडीत जोड कुठे आला ते व्यापाऱ्याला कळू नये. अतिवास्तव छायाचित्रणाची कारागिरी साधारण हीच. म्हणूनच या शहरात असं काम करणाऱ्यांचा हात पक्का असतो. अडतं ते पुढे.

फ्रॉइड, पॅरिस, दाली ही नावं घेऊन या कलेचा इतिहास सांगायची आपल्याला सवय आहे. आपल्याकडे ती आली कारखान्याच्या दारातून, आणि ते दार सुरतेच्या माणसानं उघडलं. त्रिभुवनदास गज्जर सुरतेत जन्मले. रसायनशास्त्रज्ञ, त्यातही कापडाच्या रंगाईतले जाणकार. सयाजीरावांच्या आश्रयानं 1890 मध्ये त्यांनी बडोद्यात कलाभवन उभं केलं. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके तिथे शिकायला गेले, तेव्हा गज्जरांनी फोटो स्टुडिओ त्यांच्या हाती सोपवला. पुढे ब्लॉक करण्याची विद्या शिकायला त्यांना रतलामलाही धाडलं. कॅमेऱ्याची अर्धी चौकट झाकून एकदा चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची, मग उरलेल्या अर्ध्या चौकटीवर दुसरं दृश्य घ्यायचं, असल्या करामतींचा तो काळ. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (1917) मारुती उडाला आणि एकट्या अण्णा साळुंकेनं राम आणि सीता दोघांचीही कामं केली. प्रेक्षकांनी ते पाहिलं भक्तिभावानं. अतिवास्तव वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

बडोद्याच्याच मातीत पुढे छायाचित्रकार ज्योती भट्ट घडले. जन्म भावनगरचा, 1934 चा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन यांचे विद्यार्थी. 1934 मध्येच अमेरिकेत छायाचित्रकार जेरी युल्समन जन्मला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर ओळीनं मांडून युल्समन एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवत नेई. मुळांसकट हवेत तरंगणारं झाड त्यानं असंच उभं केलं. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं एकल प्रदर्शन झालं. त्याच वर्षी भट्टांनी एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि ते काम पुढची काही दशकं त्यांनी सोडलं नाही.

निगेटिव्हवर निगेटिव्ह ठेवण्याचे प्रयोग भट्टांनीही केले, पण माझ्या मते त्यांचं खरं अतिवास्तव काम त्या नोंदींतच आहे. चितारलेल्या भिंतीपुढे त्याच घरातली बाई किंवा मुलगी उभी असते. चुन्याच्या रेघांचा मोर आणि जिवंत माणूस कृष्णधवल छटेत एकाच पातळीवर येतात. कोण कुणाच्या घरात राहतंय, असा प्रश्न पडतो. इथे काहीही कापलेलं नाही, काहीही चिकटवलेलं नाही. कॅमेऱ्यासमोर ते खरोखर होतं, ही खात्री बघणाऱ्याला आहे म्हणूनच तो चक्रावतो.

ती खात्रीच आजच्या सफाईत हरवते. हवेत तरंगणारी मुलगी, तळहातातला डोळा, ढगांत बुडालेली खुर्ची: सुरत काय, पुणे काय, सगळीकडे ऐवज तोच. दोष कल्पनेच्या दारिद्र्याचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. ज्या हाताला जोड लपवण्याचेच पैसे मिळतात, तो संध्याकाळी स्वतःच्या चित्रातही जोड लपवतो. सगळं इतकं बिनबोभाट जुळतं, की आश्चर्य वाटायला जागाच उरत नाही. उलट, चित्रकार विवान सुंदरमनं ‘रीटेक ऑफ अमृता’त (2001-02) आजोबा उमरावसिंग शेरगिल यांच्या जुन्या फोटोंची संगणकावर मोडतोड केली. आरशात वेगळ्याच काळातला माणूस दिसतो आणि एकाच घराण्याच्या पिढ्या एका खोलीत दाटीवाटीनं बसतात. ती दाटी खरी वाटते, कारण कच्चा माल घरचा आहे.

सुरतेला असा माल उसना आणावा लागत नाही. कतारगामकडे इंग्रजांचं जुनं कबरस्तान आहे. तिथे सर जॉर्ज ऑक्झेंडन (मृत्यू 1669) हा वखारीतला व्यापारी एखाद्या मोगल सरदाराच्या थाटात, खांब-घुमटांच्या दुमजली इमारतीखाली झोपलाय. शेजारच्या कबरस्तानात डचांची तीच हौस. उधना-लिंबायतेत मागांच्या खडखडाटात अहिराणी बोलणारी खानदेशी कुटुंबं जळगाव-धुळ्याचे सण साजरे करतात. यात ढग मिसळायची गरज नाही.

आणि छपाईची अडचण तर इथे मुळीच नसावी. भिंतभर रुंदीचं कापड अखंड छापणारी डिजिटल यंत्रं ज्या गावात रात्रंदिवस चालतात, तिथे छायाचित्राचा तागा काढणं अवघड ते काय? पण काम बघायला मागितलं की अजूनही समोर फोनच धरला जातो.