नाताळ अंकातील हास्य

जुन्या विनोदी नियतकालिकांतील नाताळची चित्रे आज बहुधा कौतुकाने पाहिली जातात. बर्फाच्छादित छपरे, धगधगती शेकोटी, मेजवानीस बसलेले लठ्ठ गृहस्थ. एका सुखवस्तू काळाचे स्मरण, एवढेच मूल्य त्यांना दिले जाते. लंडनच्या ‘पंच’चा १८४३ सालचा नाताळ पाहिला म्हणजे हे मूल्यमापन किती अपुरे आहे ते कळते.

१८४१ च्या जुलैत निघालेल्या या साप्ताहिकाचा जॉन लीच हा एक प्रमुख चित्रकार होता. १८४३ च्या जुलैत त्याने प्रदर्शनातील भव्य तसबिरी पाहणारे फाटक्या वस्त्रांतील दरिद्री लोक रेखाटले. भित्तिचित्रांच्या आराखड्यांना त्या काळी ‘कार्टून’ म्हणत. ‘पंच’ने उपरोधाने तोच शब्द या चित्रास लावला आणि पुढे तो व्यंगचित्रासाठी रूढ झाला. त्याच वर्षीच्या नाताळ अंकात ‘पंच’ने टॉमस हूडची ‘द साँग ऑफ द शर्ट’ ही कविता निनावी छापली. सणाच्या अंकात, विनोदाच्या शेजारी, उपाशीपोटी सदरे शिवणारी स्त्री येऊन बसली. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधील आठही चित्रे लीचचीच. त्यांतील फेझिविगकडचे नृत्य हाताने रंगविलेले आहे. ‘अज्ञान’ आणि ‘दारिद्र्य’ ही दोन कृश बालके मात्र काळ्या रेषांत उभी आहेत.

नृत्य आणि बालके एकाच हाताने रेखाटली, हा योगायोग नव्हे. पानावरचा आनंद कोणाच्या वाट्यास आला नाही, हे दाखविल्यावाचून विनोदास खोली येत नाही, ही जाण त्यामागे आहे. अर्थात या जाणिवेलाही धोका असतो. उपाशी मूल दरवर्षी त्याच जागी दिसू लागले की तेही शेकोटीसारखे सजावटीचा भाग बनते. वाचक क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. १८४३ च्या पानांचे सामर्थ्य असे की, तेथे ही सवय अद्याप जडलेली नव्हती.

दिवाळी अंकांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकास हा प्रश्न परका वाटू नये. सणाच्या अंकाची परीक्षा त्यातील दिव्यांच्या संख्येवरून होत नाही. त्या उजेडात कोण दिसते, यावरून होते.