खूण ठेवलेल्या पानावरून

‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं, की मराठी वाचक पुस्तकाचं नाव आनंदानं सांगतो. ‘कसं वाटतंय?’ असं पुढं विचारलं, की मात्र थबकतो. ‘अजून चालू आहे. संपलं की सांगतो.’ मग पुस्तक संपतं, वाचनालयातून बदलून दुसरं घरी येतं आणि सांगायचं राहूनच जातं. चालू पुस्तकाबद्दल बोलणं आपल्याला उतावळेपणाचं वाटतं, भात शिजायच्या आत झाकण काढल्यासारखं. खरं तर वाचकाकडं सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं ते पुस्तक अर्ध्यावर असताना. तेव्हा शंका असतात, राग असतो, लेखकाशी भांडण चाललेलं असतं, एखाद्या पात्राची काळजी लागलेली असते. शेवटचं पान उलटलं की यातलं बरंचसं निवून जातं आणि उरतं ते मत. मतांची मराठीत कधीच ददात नव्हती. वाचता वाचता बोलण्याची कला मात्र आपण फारशी जोपासली नाही, आणि आज मराठी पुस्तकांबद्दलचं बोलणं जे पुळचट झालं आहे, त्याचं एक मोठं कारण मला इथं दिसतं.

आपल्याकडं ग्रंथपरीक्षणाला वळण लागलं तेच न्यायासनावरून. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकर पुस्तकाकडं निकाल द्यायच्या नजरेनं पाहत. भाषेवरची त्यांची हुकमत अजोड होती. पण जोतीराव फुल्यांच्या लेखनातल्या भाषेच्या चुका दाखवता दाखवता त्या लेखनातली धग त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. निकाल द्यायचा तर पुस्तकाबाहेर उभं राहावं लागतं, आणि बाहेर उभ्या माणसाला आतला चटका बसत नाही. ‘परीक्षण’ या शब्दातच परीक्षा आहे. पुस्तक उत्तरपत्रिकेसारखं समोर यायचं आणि आपण तांबड्या शाईनं गुण द्यायचे, ही रीत पुढं दीडशे वर्षं टिकली.

त्याच शतकात वाचनाची दुसरी एक तऱ्हाही रुजत होती. हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ १८९० साली निघालं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः आली. आज आपण ती एकसंध कादंबरी म्हणून हातात घेतो. पहिल्या वाचकांच्या हाती ती हप्त्याहप्त्यानं पडली. कादंबरीची नायिका यमू हिचं पुढं काय होणार हे ठाऊक नसताना त्यांना पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत होती. मधल्या दिवसांत ओसरीवर, स्वयंपाकघरात जे बोलणं झालं असेल, ते सगळं अर्ध्या वाचनातलं होतं. वाङ्मयाच्या इतिहासात त्या बोलण्याला जागा नाही. ते हाती लागलं असतं, तर त्या कादंबरीनं घरात काय हलवलं हे आपल्याला कितीतरी नेमकं कळलं असतं.

आजची स्थिती काय आहे? बहुतेक नियतकालिकांत पुस्तकाची पहिली गाठ पडते ती ‘साभार पोच’च्या यादीशी. नशीब असेल तर पुढं परिचय. ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’, ‘मुखपृष्ठ समर्पक’, ‘वाचकांच्या पसंतीस उतरेल’ हे शब्द इतक्या पुस्तकांना लावून झाले आहेत, की त्यांतून आता एकाही पुस्तकाचा चेहरा दिसत नाही. यात मीही हातभार लावला आहे. तरुणपणी एका मासिकासाठी मी दरमहा चार-पाच पुस्तकांवर लिहीत असे. एकदा मुदत गाठण्यासाठी एका कवितासंग्रहाची प्रस्तावना आणि पाठराखण वाचून मजकूर पाठवून दिला. महिन्याभरानं कवयित्रीचं पोस्टकार्ड आलं. तिनं आभार मानले होते आणि खाली एकच प्रश्न विचारला होता : कोणती कविता वाचताना आपण थांबलात? मी कुठंच थांबलो नव्हतो. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि त्यातला प्रश्न हाच परीक्षणाचा खरा प्रश्न आहे असं मी तेव्हापासून मानतो.

वाचकाला बोलतं करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’नं ‘चोखंदळ वाचकांची निवड’ छापून वाचकाच्या पसंतीला मान दिला. १९७४मध्ये ‘ग्रंथाली’नं स्वतःला वाचक चळवळ म्हणवून घेतलं, आणि ‘बलुतं’सारखं पुस्तक १९७८मध्ये तिनंच काढलं. ही कामं मोलाची आहेत. पण निवड ही वर्षाअखेरची यादी असते आणि चळवळीचा मुख्य भर पुस्तक वाचकापर्यंत नेण्यावर होता. वाचकाचं बोलणं तिथून परत यायची वाट त्या मानानं अरुंदच राहिली.

ती वाट मला सापडते पत्रांत. धारवाडला राहून जी. ए. कुलकर्णींनी लिहिलेल्या पत्रांत पुस्तकांचा विषय जितक्या मोकळेपणी येतो, तितका तो आपल्या समीक्षाग्रंथांत क्वचितच दिसतो. सुनीता देशपांड्यांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी पुस्तकरूपात आला आहे. तो वाचताना जाणवतं, की इथं कुणी कुणाला धडा देत नाही. आवड-नावड हिरिरीनं मांडली जाते, कारण समोर नेमकं एक माणूस आहे आणि ते उलट उत्तर देणार आहे. उत्तराची शक्यता असली की मत आपोआप प्रामाणिक होतं.

आणि दुसरी जागा म्हणजे सतीश काळसेकरांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. या पुस्तकाला २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वाचणं हीसुद्धा लिहिण्याइतकी कर्ती गोष्ट आहे याला जणू अधिकृत मान्यता मिळाली. शीर्षकातले दोन्ही शब्द नीट पाहावेत. ‘वाचणारा’ हा क्रिया चालू असलेला माणूस आहे, आणि ‘रोजनिशी’त निकाल नसतो, नोंद असते. काळसेकर कवी होते, लघु-अनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले होते. पुस्तकाबद्दल लिहिताना ते पुस्तक कुठून हाती आलं, कुणी सुचवलं, त्यावरून दुसरं कोणतं आठवलं हेही सांगतात. मला हे लेखन आपल्या समीक्षेतलं एक महत्त्वाचं वळण वाटतं. त्या वळणावरून पुढं जाणारे मात्र थोडे निघाले. गोविंद तळवलकरांच्या ‘वाचता वाचता’चं नाव या संदर्भात हमखास निघतं. त्यांचा व्यासंग थक्क करणारा आहे, पण ते लेख पचलेल्या, पूर्ण झालेल्या वाचनातून आलेले आहेत. त्यांची जात वेगळी.

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दहाबाराजण जमतो. अट एकच : पुस्तक संपलेलं नसावं. येताना खूण ठेवलेलं पुस्तक आणायचं आणि त्या पानाबद्दल बोलायचं. खुणा म्हणून एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकेचे तुकडे, गोळ्यांची रिकामी पाकिटं. डी.एड. करणारा एक मुलगा ‘कोसला’ घेऊन आला होता. पहिल्या शनिवारी वैतागून म्हणाला, ‘पन्नास पानं झाली, यात घडत काहीच नाही. सोडून देऊ का?’ दुसऱ्या शनिवारी तो बोलायला लागला आणि सगळे त्याच्याकडं पाहायला लागले, कारण त्याची वाक्यंच कादंबरीच्या नायकासारखी, पांडुरंग सांगवीकरसारखी पडायला लागली होती. तिसऱ्या शनिवारी तो पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी पोचला होता. पुस्तकाबद्दल काही बोलला नाही. इतकंच म्हणाला, ‘काल बहिणीला फोन केला. उगीचच.’ पुस्तक संपल्यावर त्याला कुणी विचारलं असतं, तर ‘अभिजात कादंबरी आहे’ असं त्यानंही सांगितलं असतं. ‘कोसला’ निघाली त्या १९६३ पासून तसं सांगणारे हजारो आहेत. त्याचे तीन शनिवार मात्र फक्त त्याचे होते.

अशा बोलण्यात धोका आहेच. अर्ध्यावरचं मत चुकतं, लेखकावर अन्याय करतं. काहीजण पुस्तक पुढं न वाचण्याचं निमित्त म्हणूनही बोलतात. फोनवर चहाच्या कपाशेजारी ठेवलेल्या मुखपृष्ठाचा फोटो येतो आणि खाली ‘वाचतेय, अप्रतिम!’ एवढंच असतं. ते बोलणं पानाला कुठंच चिकटलेलं नसतं. म्हणून आम्ही पान क्रमांक विचारतो. पान सांगितलं की थापा मारता येत नाहीत, आणि मागचं मत फिरवायलाही लाज वाटत नाही. व्यासंगी समीक्षेची गरज यानं कमी होत नाही. उलट वाचकांचं असं जिवंत बोलणं भोवती असेल, तरच समीक्षकाला आपण कुणाशी बोलतो आहोत हे कळेल.

शाळांत तर याची फारच गरज आहे. २०१५पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. मुलं रांगेत बसून वाचतात आणि मग त्यांच्याकडून बहुधा एकच मागितलं जातं : या पुस्तकातून काय बोध मिळाला? कुठं कंटाळा आला, कुठं पुस्तक मिटावंसं वाटलं, हे विचारलं तर मूल वाचक होईल. बोध विचारला की ते परीक्षार्थी होतं. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं काही हजारांत आहेत, २०१७पासून पाचगणीजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं आहे. जागेची अडचण नाही. देवघेवीच्या खिडकीशी शिक्का मारता मारता ‘कुठवर आलात?’ एवढं विचारलं, तरी सुरुवात होईल.

आमच्या शनिवारच्या मंडळींतले एक काका उजनी धरणात गाव गेलेले. सत्तरीकडं झुकलेले, शेती करणारे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं, ते पाहायला न चुकता जातात. त्यांना कुणीतरी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ दिली. धरणग्रस्तांची कादंबरी. पहिले दोन शनिवार भरभरून बोलले : कचेरीतले हेलपाटे कसे बरोबर लिहिलेत, आमच्याकडं शब्द कोणता होता, आमच्या आईनं निघताना उंबरा कसा सारवला. मग गप्प झाले. पुस्तक आणायचे, मांडीवर ठेवायचे, पाळी आली की मान हलवायचे. महिना झाला तरी खूण त्याच पानात. आम्हीही विचारलं नाही.

गेल्या शनिवारी सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी पुस्तक उघडलं. घडी पडलेलं एसटीचं तिकीट बाजूला काढून खिशात ठेवलं. ‘इथनं पुढं मला एकट्याला वाचवंना,’ म्हणाले. ‘हितं मोठ्यानं वाचू का?’ आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले.