‘८३ टक्के घट’ म्हणजे नक्की किती माणसं?

मागच्या वर्षी आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. तुरुंगातून सुटून आलेल्या लैंगिक गुन्हेगारांभोवती स्वयंसेवकांचं वर्तुळ उभं केलं, की पुन्हा तसा गुन्हा घडण्याचं प्रमाण ८३ टक्क्यांनी घटतं. आकडा मोठ्या अक्षरात, लाल रंगात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलं, “ताई, माणसं किती होती?” मला उत्तर देता आलं नाही. मी फक्त सारांश वाचला होता! घरी येऊन पूर्ण पेपर वाचला. त्यातून जे शिकले ते तुमच्यासाठी लिहितेय, कारण पीएच.डी.च्या मुलाखतीला तुम्हीही असाच एखादा आकडा घेऊन जाणार आहात.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९४ साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मुलांवर अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून बाहेर आला. शिक्षाच संपल्यामुळे त्याच्यावर पॅरोलची देखरेख नव्हती आणि शहरात संताप होता. हॅरी नाय या मेनोनाइट पाद्र्यांनी आपल्या चर्चमधली काही माणसं त्याच्यासाठी जमवली. त्यातूनच ‘सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटॅबिलिटी’ ही पद्धत उभी राहिली. चार ते सहा स्वयंसेवक सुटून आलेल्या माणसाला नियमित भेटतात. खोली शोधणं, कागदपत्रं, दवाखाना यात मदत करतात आणि वागणं घसरतंय असं दिसलं तर तोंडावर जाबही विचारतात. मागे सल्ल्याला मानसशास्त्रज्ञ, पोलीस अशी जाणती माणसं असतात. आधार आणि जाब, दोन्ही एकाच ठिकाणी.

आता पेपर. विल्सन, कोर्टोनी आणि मॅकव्हिनी यांचा, २००९ चा. वर्तुळातले ४४ जण आणि वर्तुळ न मिळालेले ४४ जण. दोन्ही गट धोक्याची पातळी, बाहेर येऊन झालेला काळ वगैरे बघून जुळवलेले. पुन्हा लैंगिक गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण एकीकडे सुमारे २ टक्के, दुसरीकडे सुमारे १४ टक्के. टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा: एक आणि सहा. माझ्या लाल अक्षरांतले ८३ टक्के ते हेच.

इथे कागद-पेन घ्या. वर्तुळातला फक्त एक माणूस आणखी घसरला असता, तर एकाचे दोन झाले असते आणि ८३ चे ६७ टक्के. हेच एक आणि सहा मी फिशरच्या कसोटीत घातले, तर दुबाजू पी-व्हॅल्यू ०.११ च्या आसपास आली. हे माझं घरगुती गणित आहे, पेपरमधलं विश्लेषण नव्हे. पण एका माणसाने एवढा फरक पडत असेल, तर तो आकडा लाल अक्षरात लिहायचा नसतो, एवढं त्यातून कळतं.

दुसरी अडचण संख्येपेक्षा मोठी आहे. धोक्याचे गुण जुळवता येतात, तयारी जुळवता येत नाही. चार-सहा अनोळखी लोकांसमोर बसून आपल्या गुन्ह्याबद्दल बोलायला जो हो म्हणतो, तो मुळातच सुधारायच्या मनःस्थितीत असू शकतो. मग फरक वर्तुळाचा की त्या होकाराचा? नुसत्या जुळणीवरून सांगता येत नाही.

म्हणून हा पेपर टाकून द्यायचा का? मीही रागाच्या भरात तेच करणार होते. पण त्याचं पुढे काय झालं ते बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ग्रँट डुवे यांनी हाच प्रश्न रँडमाइज्ड पद्धतीने तपासला. वर्तुळ हवं म्हणणाऱ्यांमधूनच, जणू चिठ्ठ्या टाकून, कुणाला ते मिळणार हे ठरवलं. होकार दोन्ही गटांत आला, म्हणजे आपली दुसरी शंका मिटली. पहिल्या अहवालात ६२ जण होते, तेव्हा लैंगिक गुन्ह्यांबद्दल ठामपणे काही म्हणता येईना, कारण घटनाच नगण्य होत्या. २०१८ च्या पेपरमध्ये १०० जण झाले, पाठपुरावाही लांबला, आणि नव्या लैंगिक गुन्ह्यासाठी अटक होण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. नमुना अजूनही लहानच आहे. पण कॅनडातली दिशा इथे जास्त कडक परीक्षेत टिकली, आणि हा पुरावा माझ्या स्लाइडपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

एक खटक मात्र राहते. अटक म्हणजे गुन्हा नव्हे, पकडला गेलेला गुन्हा. वर्तुळातल्या माणसावर पाच जणांचं लक्ष असतं, त्यामुळे त्याचं काही लवकर उघडकीला येण्याची शक्यता उलट वाढते. शिवाय वर्तुळ रोज जे करतं, म्हणजे एकटेपणा कमी करणं, राहायला जागा मिळवून देणं, ते अटकेच्या रकान्यात दिसतच नाही.

आपल्याकडे मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या लोकांबरोबर काम करतोय. अशा कामावर तुम्ही प्रस्ताव लिहिणार असाल, तर काय मोजणार ते आधी ठरवा: सहा महिन्यांनी डोक्यावर छप्पर आहे का, अडचणीत फोन करावा असं कुणी आहे का. स्वयंसेवक नेहमी कमीच पडतात, त्यामुळे सगळ्यांना वर्तुळ देता येणारच नाही. मग ओळखीने देण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकणं जास्त न्याय्य, आणि कंट्रोल ग्रुपही आपसूक मिळतो.

हे सगळं काटेकोरपणे का करायचं? आकडा फुगवून सांगितला आणि उद्या वर्तुळातल्याच कुणी एखाद्या मुलाला इजा केली, तर त्या मुलाचं नुकसान भरून येत नाही, आणि लोक पुढच्या वर्तुळालाही दार उघडत नाहीत. आकडा उगाच झटकून टाकला, तर सुटून आलेला माणूस पुन्हा एकटा पडतो, आणि धोका तिथेच वाढतो.

माझी स्लाइड आता बदललीये. तिच्यावर लिहिलंय: ४४ पैकी १, ४४ पैकी ६. लाल रंग काढून टाकला.