'बांधला' या क्रियापदाचा कर्ता : वास्तुव्यवसायाच्या मराठीचे एक परीक्षण

कोल्हापुरातील नवा राजवाडा कोणी बांधला, या प्रश्नाला मराठीत निदान तीन उत्तरे देता येतात. 'महाराजांनी बांधला' हे पहिले, 'मँटसाहेबाने बांधला' हे दुसरे आणि 'पाथरवटांनी बांधला' हे तिसरे. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. तिन्हींत क्रियापद एकच आहे आणि कर्त्याला तृतीयेचा प्रत्ययही सारख्याच निःशंकपणे लागलेला आहे. वस्तुतः द्रव्य पुरविणारा, रचना ठरविणारा आणि दगड घडविणारा या तिघांची कामे भिन्न आहेत. परंतु ती भिन्नता 'बांधणे' या एका क्रियापदात लोप पावते. या लोपात मधल्या माणसाचे, म्हणजे रचनाकाराचे, नित्याचे काम सर्वांत आधी दिसेनासे होते. ते काम आपण मराठीत नीट सांगत नाही, म्हणून वास्तूविषयीची आपली समीक्षाही अपुरी राहते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम राजवाड्याचेच उदाहरण तपासून पाहू. त्याचे बांधकाम १८७७ साली सुरू झाले आणि १८८४ साली पुरे झाले. काम सुरू झाले तेव्हा गादीवर असलेले चौथे शिवाजी महाराज अवघे चौदा वर्षांचे होते. ते अज्ञान असल्यामुळे संस्थानचा कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चालत असे. डिसेंबर १८८३ मध्ये तत्कालीन अहमदनगर येथे त्यांचे निधन झाले. राजवाड्याचा आराखडा करणारा मेजर चार्ल्स मँट तर १८८१ मध्येच निवर्तला होता. कोल्हापूरचा टाउन हॉल, आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखली जाणारी इमारत आणि अजमेरचे मेयो कॉलेज ही त्याचीच कामे. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा त्याच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम याने पुरा केला. लोकमानसात ज्यांच्या नावाशी नवा राजवाडा निगडित आहे ते राजर्षी शाहू महाराज मार्च १८८४ मध्ये दत्तक आले. सारांश, 'बांधला' या क्रियापदासाठी जे दोन नामवंत कर्ते पुढे येतात, त्यांपैकी एकानेही पुरी झालेली वास्तू पाहिली नाही. ज्यांनी ती शेवटच्या थरापर्यंत नेली, त्यांची नावे प्रचलित वर्णनांत येत नाहीत.

मराठीत हा भेद दाखविण्याचे साधनच नाही, असे मात्र नव्हे. प्रयोजक क्रियापद हे त्यासाठीच आहे. ज्याला दीर्घकाळ आद्य मराठी शिलालेख मानले गेले, त्या श्रवणबेळगोळच्या लेखात चामुंडरायाच्या नावापुढे 'करवियलें' असे रूप आहे. गोमटेश्वराची मूर्ती चामुंडरायाने केली, असे तो लेख म्हणत नाही. त्याने ती करविली, असे म्हणतो. भोवतालच्या प्राकाराविषयी गंगराजाच्या नावापुढेही तेच क्रियापद आहे. त्या लेखाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी ज्या एका प्रयोगाची येथे चर्चा आहे तो निःसंदिग्ध आहे. आज्ञा देणारा आणि हात चालविणारा हे दोघे निराळे आहेत, याची जाणीव त्या एका प्रत्ययात आहे. अर्थात हात चालविणाऱ्याचे नाव तेथेही नाही. पण त्याच्यासाठी वाक्यात जागा राखलेली आहे. 'अमक्याकडून करविले' असे म्हणताच ती जागा भरता येते. आजच्या प्रचारातील 'बांधला' या साध्या रूपात ती जागाच उरत नाही.

याच अनुषंगाने आणखी दोन उदाहरणे लक्षात घेणे अगत्याचे आहे. रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिरात हिरोजी इंदुलकर याचे नाव दोन ठिकाणी येते. तेथील संस्कृत शिलालेखात गडावरील वास्तूंच्या निर्मितीचे कर्तृत्व त्याच्याकडे दिले आहे. पायरीवरील मराठी लेख मात्र त्याच्या सेवातत्परतेचाच उल्लेख करतो. एकाच माणसाचे एकच काम एका लेखात निर्मिती ठरते आणि दुसऱ्यात सेवा. दुसरे उदाहरण 'हेमाडपंती' या शब्दाचे. मराठीने व्यक्तिनामावरून घडविलेले हे सर्वांत रूढ शैलीनाम. परंतु हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता, स्थपती नव्हे. शिवाय त्याच्या जन्मापूर्वीची कित्येक देवळेही आपण बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतो. ज्याच्या हाती कारभार, त्याच्या नावे वास्तू, असा हा संकेत आहे. मँटचे नाव घेताना आपण तो संकेत मोडला असे वाटते; वस्तुतः एका नावाच्या जागी दुसरे नाव ठेवण्यापलीकडे आपण काही केलेले नसते.

आता या व्यवसायाच्या नित्यक्रमाकडे वळू. कोल्हापुरातील एखादा वास्तुविशारद दिवसभर जे करतो, त्यातील फारच थोडे काम 'नकाशा काढणे' या शब्दप्रयोगात सामावते. घरमालक त्याच्याकडे येतो तो खोल्यांची यादी घेऊन. त्या यादीमागील कुटुंब, म्हणजे किती माणसे, कोण वृद्ध, कोणाचा धंदा घरातूनच चालतो, सणाला किती पाने बसतात, हे सर्व त्याला काढून घ्यावे लागते. मग जागेचे मोजमाप, वारा, ऊन, शेजारच्या भिंती, रस्त्याची पातळी यांची नोंद. त्यानंतर आराखडा, त्याच्या आवृत्त्या आणि घरातील थोरामोठ्यांच्या मतांप्रमाणे पुन्हा फेरफार. पुढे महानगरपालिकेसाठी एक आरेखन आणि गवंड्यासाठी निराळे आरेखन. मग अंदाजपत्रक, ठेकेदाराच्या बिलांची तपासणी आणि कामावरील फेऱ्या. यातील प्रत्येक पायरीवर निर्णय आहे. परंतु घरमालकाच्या तोंडी या सर्वांचा हिशेब 'नकाशा मंजूर करून दिला' एवढ्या वाक्यात होतो, आणि मोबदल्याचा प्रश्न निघाला की 'नकाशाच तर काढायचा' हे त्याचे सहज उत्तर असते. ज्या श्रमाला स्वतःचे क्रियापद नाही, त्याचे मोल ठरविणे दुष्कर होते.

शासकीय परिभाषाही या कामी साह्य करीत नाही. बांधकाम परवानगी, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन दस्तऐवज घराच्या जन्माचे तीन टप्पे होत. पहिल्यात बांधणे आहे, दुसऱ्यात बांधलेला भाग आहे आणि तिसऱ्यात राहणे आहे. रचणे कोठेही नाही. जोत्याचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांनंतर पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांत जोते किती उंच घ्यावयाचे, हा प्रश्न केवळ मापाचा उरलेला नाही. जोते वाढविले की पायऱ्या वाढतात, वृद्धांची अडचण होते, शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाणी वळते, खर्च चढतो. या सर्वांचा मेळ घालून कोणीतरी एक आकडा ठरवितो. तपासणीच्या कागदावर त्या आकड्याची नोंद होते, त्यामागील विचाराची होत नाही. पुढे पूर आला आणि पाणी उंबऱ्यापर्यंत चढले नाही, तर 'घरात पाणी आले नाही' असे आपण म्हणतो. या वाक्यात पाणीच कर्ता आहे.

या व्यवसायाचा दुसरा अर्धा भाग भाषांतराचा आहे, हे भाषेच्या अभ्यासकाने विशेषेकरून पाहावयास हवे. आरेखनावरील शब्द बहुधा इंग्रजी असतात. कामावरचे बोलणे मराठी असते. 'मिस्त्री, हा कॉलम ओळंब्यात घ्या' या साध्या सूचनेत पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी शब्द एकत्र नांदतात. 'ओळंबा' संस्कृत 'अवलंब' या शब्दाशी नाते सांगतो. 'इमारत', 'नकाशा' आणि 'मजला' अरबीतून आले, 'कमान' फारसीतून, 'स्लॅब' आणि 'सेंटरिंग' अलीकडे इंग्रजीतून. गवंड्यांच्या बोलीतील सप्तमीचा उपयोग तर मुद्दाम नोंदविण्याजोगा आहे. भिंत उभी सरळ असेल तर ती 'ओळंब्यात', ओळ सरळ असेल तर 'सुतात', कोपरा काटकोनात असेल तर 'गुण्यात'. साधनाचे नावच येथे गुणाचे नाव झाले आहे. इंग्रजी आरेखनात जी अट आकड्यांनी आणि खुणांनी लिहावी लागते, ती येथे एका शब्दात, तपासण्याच्या रीतीसह सांगून होते.

असे असता परिभाषाकारांनी या शब्दांकडे पाहिले असते, तर बरेच काही साधले असते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा उपक्रम झाला. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांच्या द्वारे तेच कार्य इंग्रजीच्या संदर्भात हाती घेतले. त्या परिश्रमांचे मोल मोठे आहे. परंतु संस्कृत घडणीचा शब्द कार्यालयात राहतो आणि गवंड्याचा शब्द कामावर राहतो, अशी जी फाळणी झाली आहे, ती दूर करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. स्वतः व्यावसायिकाच्या नावाचीही तीच अवस्था. वास्तुविशारद, वास्तुशिल्पी, वास्तुरचनाकार असे अनेक पर्याय आहेत. व्यवहारात मात्र 'आर्किटेक्ट' हाच शब्द चालतो. त्याला एक कारण असेही आहे की, 'वास्तुशास्त्र' हा शब्द आता लोकभाषेत दिशांच्या शुभाशुभाचा सल्ला एवढ्या अर्थाने संकोचला आहे. रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे यांनी १९२४ साली 'प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार' सिद्ध केले, तेव्हा 'शिल्पशास्त्र' या संज्ञेची त्यांनी कल्पिलेली व्याप्ती किती मोठी होती, हे आठवले म्हणजे या संकोचाचे माप कळते.

नामाचे रक्षण आणि क्रियापदाची उपेक्षा हा प्रकार कायद्यातही आढळतो. वास्तुविशारदांविषयीचा केंद्रीय कायदा १९७२ साली झाला. त्यातील ३७ व्या कलमाचा अर्थ लावताना मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, नोंदणी नसलेल्या व्यक्तीस 'आर्किटेक्ट' हे अभिधान वापरण्यास मनाई आहे. ते काम करण्यास या कलमाने मनाई केलेली नाही. म्हणजे शब्द राखीव आहे, कृती मोकळी आहे. या निर्णयाच्या इष्टानिष्टतेची चर्चा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तथापि एखाद्या व्यवसायाची सीमा कृतीवरून न आखता नावावरून आखली जाते, तेव्हा त्या कृतीचे स्पष्ट वर्णन समाजापाशी आहे काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारावयासच हवा.

यावर एक आक्षेप संभवतो. भाषेतील एका प्रयोगावर एवढा भार टाकणे योग्य आहे काय? इंग्रजीतही क्रिस्टोफर रेनने सेंट पॉलचे चर्च बांधले असेच म्हणतात. तेथेही गवंडी अदृश्य आहेत. आक्षेप रास्त आहे. भाषेची घडण विचाराला जखडून टाकते, हे सपीर आणि व्होर्फ यांच्या नावे चालणारे मत त्याच्या टोकाच्या रूपात येथे अभिप्रेत नाही. मराठीत प्रयोजक रूप आहे, 'कडून' आहे, 'बरहुकूम' आहे. आखणे, रचणे, मांडणे, योजणे ही क्रियापदे आहेत. उणीव भाषेची नसून ती वापरणाऱ्या लेखकांची आहे. नगरवर्णने, स्मरणिका आणि वृत्तपत्रीय लेख यांत वास्तूची शैली, खर्च आणि उद्घाटन यांची माहिती मिळते. कोणते निर्णय कोणी घेतले, हे क्वचितच मिळते. अलीकडे रचनाकाराचे नाव ठळकपणे देण्याची प्रथा पडत आहे. ती स्वागतार्ह आहे. पण केवळ नाव दिल्याने वर्णन होत नाही, आणि त्याच वाक्यातून पाथरवट वगळला तर जुनाच अन्याय एक पायरी खाली सरकतो.

या भेदाचे महत्त्व केवळ श्रेयापुरते नाही. शाहू महाराजांच्या प्रेरणेने उभे राहिलेले आणि १९१५ साली खुले झालेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीने होरपळले. ते मूळच्यासारखेच पुन्हा उभे राहावे, ही भावना त्यानंतर सर्वत्र व्यक्त झाली. परंतु 'मूळचे' म्हणजे काय? जळालेले लाकूड परत येत नाही. परत आणता येते ती रचना, म्हणजे मापे, प्रमाणे, आवाज खेळविण्याची योजना. आणि त्याबरोबर ती हातोटी, जी कारागिरांपाशी असते. 'महाराजांनी बांधले' एवढेच आपल्याला म्हणता येत असेल, तर पुन्हा काय बांधावयाचे, हे त्या वाक्यातून कळत नाही. रचनाकाराने काय योजिले आणि कारागिराने ते कसे साधले, याची वेगवेगळी नोंद असेल, तरच पुनर्बांधणीला आधार मिळतो.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयात हात घालावा, असे सुचवावेसे वाटते. कोल्हापूर परिसरातील गवंडी, सुतार, पाथरवट आणि सेंटरिंगवाले यांच्या शब्दांचे संकलन, त्यांच्या वाक्यांतील प्रयोगांसह, होणे अगत्याचे आहे. जुन्या कामांवर राबलेली पिढी हयात आहे तोवरच ते साधेल. वास्तुविशारदांच्या कार्यालयांतील दैनंदिन मराठी ही त्याला जोडून तपासावी. आणि वास्तूवर लिहिताना निदान एक वाक्य तरी पुरे लिहावे. नव्या राजवाड्यापुरते ते असे होईल : चौथ्या शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानच्या कारभाऱ्यांनी, मेजर मँट याच्या आराखड्याबरहुकूम, पाथरवट-गवंड्यांकडून हा राजवाडा बांधविला. वाक्य लांब झाले खरे. परंतु त्यात प्रत्येकाला आपापली विभक्ती मिळाली आहे.